कडेवरचं मूल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेलं भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाई आमच्या ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, यंदा तुम्ही बोलायचं. विषय सोपा आहे, लहान मुलाबरोबरचे दिवस." मी म्हटलं, "अहो, मला भाषण कुठलं येतं?" तर म्हणाल्या, "नातवाला घेऊन साऱ्या कापड्यातून हिंडता, दहा घरी थांबून त्याच्या गोष्टी सांगता. त्याच इथं उभ्या राहून सांगा." यावर मला काही बोलता येईना. तेव्हा जे सांगते आहे ते घरगुतीच आहे. कुठं चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

आमचा नातू दिवाळीनंतर इथं आला तेव्हा सोळा महिन्यांचा होता. सूनबाईंची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती. मुंबईत भरवशाची बाई मिळेना, पाळणाघरात जागा मिळेना. मुलगा म्हणाला, "आई, पावसाळ्यापर्यंत तुझ्याकडे ठेवतो." सूनबाई काही बोलल्या नाहीत. परतीच्या गाडीत चढताना मात्र त्यांनी बाळाचं झबलं पिशवीत घातलं, ते मी पाहिलं. न धुतलेलंच झबलं होतं ते. आपण बायकांनी असल्या गोष्टी पाहायच्या आणि पाहिल्या नाहीत असं दाखवायचं.

तर हा बाळ आला आणि पहिल्याच दिवशी मी त्याला अंगणात उभा केला. त्यानं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले! सारवलेल्या जमिनीला त्याचं पाऊल टेकेना. सातव्या मजल्यावरचं मूल ते, त्याला फरशी ठाऊक. मातीचा स्पर्श झाला की विंचू चावल्यासारखं किंचाळायचं. शेजारणी हसल्या. मलाही हसू आलं, पण मनातून वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट जेवणाची. मोबाईलवर चित्रं नाचत असल्याशिवाय हा तोंड उघडत नसे. यावर आपल्याकडे लगेच सुनेला बोल लावायची चाल आहे. मला ते पटत नाही. दोन खोल्यांत एकटीनं मूल सांभाळायचं, आठ वाजता गाडी गाठायची, आणि मूल तोंड मिटून बसलेलं. मी तिच्या जागी असते तर काय वेगळं केलं असतं? माझ्या हाताशी तिच्यापेक्षा जास्त होतं ते एवढंच, की आमच्या डोंगराच्या कुशीत त्या रेंजला स्थिर बसायची सवय नाही. तिसऱ्या दिवशी ती जी गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मी भाताची पेज घेऊन ओट्याच्या पायरीवर बसले. समोर कोंबड्या. एक घास बाळाला, चार शितं कोंबडीला. कोंबडीनं टिपलं की हा तोंड उघडी. महिन्याभरात कोंबड्या माजल्या आणि पोरगा बाळसेदार झाला.

मग आमचं हिंडणं सुरू झालं. आमच्या घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत माझ्या पायांनी दहा मिनिटं लागतात. गुडघे दुखत असले तर पंधरा. याच्याबरोबर सव्वा तास! पहिल्या दिवशी मी चिडले. चल चल म्हणून हात ओढला. तो रस्त्यात फतकल मारून बसला. शेवटी मीही शेजारी दगडावर बसले, म्हटलं बघू तरी काय करतो. तो एका मुंगळ्याकडे बघत होता. मुंगळा वाळल्या पानाखाली गेला तर यानं पान उचललं. मुंगळा चालू लागला तर हाही चार पावलं चालला. पुन्हा बसला. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की थांब्याला पोचायचं होतं ते मला. त्याला कुठंच पोचायचं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या सकाळी तुम्हाला ठाऊकच आहेत. भात कापून झालेलं असतं, त्या ओलीवर वाल उगवून आलेले असतात, डोंगरावरून धुकं खाली नदीपर्यंत उतरतं. मी या रस्त्यानं पन्नासाला दोन-तीन कमी इतकी वर्षं चालते आहे. डोक्यावर भारा, नाहीतर हंडा, नाहीतर बाजाराची पिशवी. वालाच्या वेलावर दव कसं बसतं ते मी यंदा पाहिलं. दुकानाच्या तीन पायऱ्या तर विचारूच नका. चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. दुकानदार बिचारा भला माणूस, गिऱ्हाईक अडून राहिलं तरी काही बोलत नसे. शेणाच्या पोला काठीनं उकरून पाहायचा, गोठ्याच्या फटीतून वासराचं नाक पाहायचं, पाटाच्या पाण्यात खडा टाकायचा आणि तो कुठं गेला म्हणून माझ्याकडं बघायचं. मातीला घाबरणारं पोर ते, संक्रांतीपर्यंत धुळीत लोळू लागलं.

याचा पहिला शब्द काय असेल? आई नाही, बाबा नाही, आजी तर नाहीच नाही. "एटी!" म्हणजे एस.टी. लाल गाडी वळणावर दिसली की हा दोन्ही हात वर करून ओरडायचा. एका ड्रायव्हरदादांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून आमच्यासमोर गाडी आली की ते भोंगा वाजवीत. मी सूनबाईंना फोनवर हे कौतुकानं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आई, तो गाडीला हाक मारतोय की गाडीतून येणाऱ्याला?" यावर मी काय बोलणार?

मधे दीड वर्षाची लस झाली. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर, पोलिओ. सोळा ते चोवीस महिन्यांत ही लस द्यायची असते. कुणाच्या नातवंडांची राहिली असेल तर आजच कार्ड काढून बघा, पहिल्या वर्षाच्या लसी सगळ्या लक्षात ठेवतात आणि ही नेमकी विसरतात. दोन दिवस ताप आला, रात्रभर खांद्यावर होता. ते सगळ्यांच्या घरी होतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आता उमरठची गोष्ट सांगते. माघ वद्य नवमीला तिथं तानाजी मालुसऱ्यांची पुण्यतिथी असते. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर ते पडले, आणि समाधी त्यांच्या गावी, आपल्या या उमरठला. लांबून लांबून लोक येतात, आणि आपल्याला जवळ म्हणून आपणच जायचे राहतो. या वेळी मी ठरवलं की बाळाला न्यायचं. आमचे हे म्हणाले, "त्याला काय कळणार तानाजी?" मी म्हटलं, "न कळू दे. मला कळतो ना!"

गर्दी पुष्कळ होती. भगवे झेंडे, लेझीम, पोवाड्याचा आवाज. बाळाला ढोलकीची भीती वाटली म्हणून जरा बाजूला झाडाखाली घेऊन बसले. माहेरकडची एक ओळखीची भेटली. तुम्हाला माहेरचं माणूस भेटलं की काय होतं ते मी सांगायला नको. बोलता बोलता खाली पाहिलं तर बाळ नाही.

बहिणींनो, पाच-सात मिनिटंच झाली असतील. पण अजून रात्री जाग आली की मला ती मिनिटं आठवतात. एका बाजूला गाड्या वळत होत्या. मी वेड्यासारखी त्याच्या अंगातल्या पिवळ्या सदऱ्याचा रंग शोधत होते. आणि सूनबाईंनी पिशवीत घातलेलं ते झबलं माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

तेवढ्यात समोरून एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची असेल. एका हाताला तिचा स्वतःचा भाऊ धरलेला, आणि कडेवर आमचा बाळ. "आजी, हा तुमचा का? बकरीमागं चालला होता." मी बाळाला घेतलं, छातीशी धरलं, तिला काय बोलले ते आठवत नाही. मग जरा श्वास आल्यावर तिच्याकडे नीट पाहिलं. आमचा बाळ चांगला अकरा किलोचा. तो पेलण्यासाठी तिची कंबर एका बाजूला अशी काढलेली, अन् दुसरा खांदा खाली उतरलेला. मूल घेऊन घेऊन पडलेली ती सवय. मी विचारलं, "बाळ, कितवीत आहेस?" "चौथीत," म्हणाली आणि भावाला ओढत गर्दीत गेली.

मला ती कंबर ओळखीची वाटली. माझ्या थोरलीची कंबर तशी होती.

आता इथं मला थोडं मागचं सांगायला हवं. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप. दोन-अडीच लाख कामगार त्यात होते, आणि आपल्या महाड-पोलादपूरच्या किती घरांतली चूल त्या पगारावर चालत होती, ते तुम्हाला मोजून दाखवायला नको. या सभेतच हात वर करायला सांगितले तर निम्मे हात वर होतील. आमचे हे वर्षभर वाट पाहून गावी आले. मनिऑर्डर थांबली. मग मी दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागले, उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. १९८६ साली धाकटा झाला. दोन महिन्यांचा असताना मी कामावर गेले.

मूल कुणी सांभाळलं? थोरलीनं. ती आठ वर्षांची होती. चौथीत गेली आणि सहामाहीनंतर मीच तिला म्हटलं, "आता उद्यापासून नको जाऊस. बाळ जरा मोठा होऊ दे, मग पुढच्या वर्षी जा." ते पुढचं वर्ष आलंच नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि हे दिवसभर काम शोधत फिरत. मी सोयीचं पाहिलं, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. सगळ्यांच्या घरी तसंच होतं. धाकट्याला शिकवलं, तो पदवीधर झाला, मुंबईत चांगल्या नोकरीला लागला. त्याचंच मूल मी गेले काही महिने सव्वा तास लावून एस.टी. दाखवायला नेत होते.

ताराबाई मोडकांचं नाव आपल्या मंडळात बहुतेकींनी ऐकलेलं आहे. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर खेड्यातल्या मुलांसाठी काम केलं. बालवाडी काढली तर मुलं येईनात, म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणारी पोरं येईनात, तर शाळा कुरणात नेली. आणि मोठ्या मुली का येत नाहीत हे पाहिलं, तर त्यांच्या कडेवर धाकटं भावंड! त्या बाईंनी मुलींना बोल लावला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, तिला विकासवाडी म्हटलं. मुलीनं भावाला घेऊन यायचं, त्याला तिथं ठेवायचं आणि आपल्या वर्गात जाऊन बसायचं. इतकी साधी गोष्ट! मी ती वाचली तेव्हा थोरलीचं लग्न होऊन तिला मुलं झाली होती.

सरकारी अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि आज अंगणवाडीताई किती राबतात ते आपण पाहतो. पण त्यातही एक खोच आहे बरं का. मुलाला वर्गात बसायला तीन वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लस होते. पण आमच्या बाळासारखं दोन वर्षांचं, धावणारं, बकरीमागं जाणारं पोर दिवसभर कुणी बघायचं, याचं उत्तर घरातच शोधायला लागतं. घरात म्हणजे कुठं, ते मी आत्ताच सांगितलं. २००५ सालच्या रोजगार हमीच्या कायद्यात मात्र एक कलम फार चांगलं घातलं होतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर मजूर बायांपैकी एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं म्हणजे काम, त्याला दाम. खडी फोडायच्या माझ्या दिवसांत असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही तोंडाला पदर लावून हसलो असतो.

उमरठहून आले त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी रेंज मिळावी म्हणून वरच्या वळणावर गेले आणि थोरलीला फोन लावला. तिला म्हटलं, "बाई, तुझी शाळा मी सोडवली. मला माफ कर." ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "आई, आज काय झालं तुला? बरी आहेस ना?" मी उमरठचं सगळं सांगितलं. तशी म्हणाली, "तुला ठाऊक आहे का, मी त्याला घेऊन कुठं जायची?"

मला ठाऊक नव्हतं. मला वाटे नदीवर जात असेल, करवंदीत जात असेल. ती म्हणाली, "शाळेच्या मागच्या खिडकीखाली. तो निजलेला असला की मी तिथं उभी राहायची. गुरुजी पाढे म्हणून घ्यायचे. अकरा, बारा, तेरा, चौदा. चौदाचा संपेपर्यंत हा जागा व्हायचा आणि भोकाड पसरायचा. मग मी पळायची. म्हणून मला अजून पंधराचा पाढा येत नाही." आणि हसली. ती हसली, पण मला हसता आलं नाही. मग तिनंच विषय बदलला. नदीत खेकडा कसा दाखवायची, करवंदाचा चीक लागून त्याचे ओठ कसे चिकटायचे, सावरीचा कापूस कसा उडवायचे, सगळं सांगत बसली. आज मी नातवाला ज्या ज्या गोष्टी दाखवते आणि ज्यांचं तुम्ही कौतुक करता, त्या साऱ्या तिनं नवव्या वर्षी त्याच्या बापाला दाखवल्या होत्या. तेव्हा तिचं कौतुक कुणी केलं नाही. फक्त भांडी राहिली म्हणून बोलणी बसली, आणि ती बोलणारी मीच.

मुलाला मी हे सांगितलं. तो ऐकून घेऊन गप्प राहिला. पुढच्या रविवारी त्यानं बहिणीला फोन केला म्हणे. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. मी विचारलं नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल एक सांगते आणि मग आवरते घेते. धाकटा लहान असताना यांनी त्याला कधी कडेवर घेतलं नाही. मोठ्या माणसांसमोर बापानं आपलं मूल उचलायचं म्हणजे लाज! तीच रीत होती, त्यांचा एकट्याचा दोष नाही. आता नातवाला मात्र खांद्यावर बसवून संध्याकाळी थांब्यावर नेत. रामाच्या देवळापुढे चार म्हातारे बसतात, त्यांच्या मधून मिरवत नेत. परत आले की, "आज तीन एटी बघितल्या," म्हणून मला हिशेब देत. तेव्हा पुरुषांना मूल सांभाळता येत नाही असं जे म्हणतात, ते मला आता खरं वाटत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा-सून येऊन बाळाला घेऊन गेले. पावसाळ्यात इथं ठेवायला सूनबाईंचं मन धजेना, आणि मीही आग्रह केला नाही. २०२१ च्या जुलैत तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. डोंगर खाली आला तेव्हा कोण घरात होतं, कोण बाहेर होतं, एवढ्यावर माणसं वाचली किंवा गेली. म्हणून लावणीच्या दिवसांत आपण शेतावर आणि पोरं घरात, दाराला बाहेरून कडी, असं जिथं जिथं अजून होतं ते मला बघवत नाही. आणि जिथं कडी लागत नाही तिथं कुणाची तरी नऊ वर्षांची मुलगी "पोटात दुखतं" म्हणून शाळेला दांडी मारते. गुरुजींना विचारा, जुलैत पोटदुखी फार असते.

आजच्या म्हाताऱ्या बाया मला म्हणतात, "अगो, आमचं आयुष्य गेलं पोरं सांभाळण्यात, आता पुन्हा तेच का?" त्यांचं काही खोटं नाही. मलाही बाळ गेल्यावर पहिले दोन दिवस रडू आलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास झोपले, ते सहा महिन्यांत पहिल्यांदा. एका म्हातारीच्या गळ्यात सगळं घालू नये. म्हणून मी असं सुचवलं आहे की पाळी लावावी. लावणीचे तीन-चार आठवडे, सकाळी आठ ते दुपारी दोन, दोघं मोठी माणसं बसतील. जागेचा प्रश्न नाही, आमची पडवी मोठी आहे, सपाटीवर आहे, डोंगरापासून लांब आहे. पेजेचे तांदूळ ज्याचे त्यानं मुलाबरोबर मूठभर पाठवावेत. कोंबड्या आमच्या.

वही चिटणीसबाईंकडे ठेवली आहे, चहाच्या वेळी नावं लिहा. सोमवारी मी आहे. गुरुवारी आमच्या ह्यांचं नाव लिहिलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण मागच्या रांगेत बसले आहेत, तेव्हा आत्ता कळलंच असेल.